पेन्सिलीनेच लिहावे

नियम मेट्रनबाईंचाच होता, त्यामुळे तक्रार करायची तर कुणाकडे करणार.

चर्चच्या मंडळीचे बायबल-अभ्यासाचे घरगट चार. शनिवारी तरुणांचा, सोमवारी पुरुषांचा, मंगळवारी बायकांचा आणि गुरुवारी ज्येष्ठांचा. हा शेवटचा खुद्द मेट्रनबाईंच्या बैठकीच्या खोलीत भरायचा. चारही गटांनी वर्षभर एकच अभ्यासपुस्तिका वापरायची, म्हणजे रविवारी उपासनेनंतर चहा पिताना कुणालाही कुणाशी त्याच धड्यावर बोलता येतं, ही इथली जुनी रीत. आणि पुस्तिका निवडताना मतं मोजायची नाहीत, चारही गटप्रमुखांचं एकमत व्हायला हवं, ही त्याहून जुनी. एक जण जरी नाही म्हणाला तरी पुस्तिका बाद. गेल्या वर्षी मेट्रनबाई एकट्या साडेतीन तास नाही म्हणत बसल्या होत्या. शेवटी बाकीच्यांना भुका लागल्या आणि बाईंच्या मनासारखं झालं.

नमुन्याची प्रत दर पुस्तिकेची एकच यायची आणि ती चारही गटांत फिरायची. गटात ती हातोहात जायची. ज्याच्या वाट्याला जो प्रश्न येईल त्याने तो वाचायचा, खालच्या रेघांवर उत्तर लिहायचं, सांगावंसं वाटलं तर सांगायचं, आणि निघताना आपलं लिहिलेलं आपणच खोडायचं, म्हणजे पुढच्या गटाला प्रत कोरी मिळते. त्यासाठी मेट्रनबाईंनी प्रत्येक प्रतीच्या पहिल्या पानाला चिठ्ठी चिकटवली होती, पूर्वी हॉस्पिटलात मेट्रन असताना वॉर्डात चिकटवायच्या तशी: "पेन्सिलीनेच लिहावे. स्वच्छ खोडावे." खोडरबरही त्यांनीच आणून दिले होते, चार गटांना चार.

या खेपेला पुस्तिका दोन होत्या, एक निळी आणि एक पिवळी. बाईंनी निळी उघडायच्या आधीच पसंत केली होती. निळीत दर धड्याला दहा प्रश्न आणि शेवटच्या पानांवर दहाची दहा उत्तरं. पिवळीत प्रश्न कमी, रेघा जास्त, आणि उत्तरं कुठेच नाहीत. ज्याला उत्तर माहीत नाही त्याने प्रश्न विचारू नये, असं बाईंचं साधं मत होतं. पण आपण कारण नसताना नाही म्हणतो असा बोभाटा झालेला, म्हणून एका गुरुवारी दुपारी त्या चर्चच्या कपाटातून पिवळी घेऊन आल्या आणि खिडकीशी बसून चाळू लागल्या.

तिसऱ्या धड्यात प्रश्न होता: घरात कोणती गोष्ट बोलायची तुम्ही टाळता?

काय पण प्रश्न, असं बाई मनाशी म्हणाल्या. पान उलटणार तोच त्यांना दिसलं की खालच्या रेघा तितक्याशा कोऱ्या नाहीत. कुणीतरी पेन्सिल दाबून लिहिलं होतं आणि तितक्याच जोरात खोडलं होतं. शिसं गेलं होतं, पण दाब राहिला होता. आता एकतीस वर्षं डॉक्टरांची अक्षरं वाचून त्यांच्या औषधांच्या चुका धरणारी बाई ती. तिच्यापासून कागद काय लपवणार? तिने पान उजेडाकडे तिरकं धरलं. अक्षर कुणाचं हे कळण्याइतकं काही उरलं नव्हतं. मजकूर मात्र उरला होता.

"घर वेगळं करायचंय. जागा बघून ठेवली आहे. सहा महिने झाले, तोंड उघडत नाही. पंप कोण शोधून देणार?"

बाईंनी ते तीनदा वाचलं. मग उठून स्वयंपाकघरात गेल्या, तिथे कशाला आलो ते आठवेना म्हणून परत आल्या.

तर पंपाचं सांगायला हवं. मेट्रनबाईंना दमा होता, आणि दम्याचा पंप कायम हरवलेला असायचा. अख्ख्या नोकरीत एक थर्मामीटर हरवू न दिलेल्या बाईला स्वतःचा पंप सांभाळता येत नव्हता, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. बाईंची छाती घरघरू लागली की सून उठायची. ती औषधांच्या दुकानात कामाला होती, स्वभावाने शांत. उशीखाली, पावाच्या डब्यामागे, कुंडीच्या बशीत, पंप कुठेही असो, ती दोन मिनिटांत आणून हातात द्यायची. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याला लिफ्ट अडकल्याचा फोन आला की तो पळायचा, पण आईचा पंप त्याला कधी सापडायचा नाही.

मग हिशेब सरळ होता. पुस्तिका शनिवार, सोमवार, मंगळवार, गुरुवार अशी फिरते. म्हणजे कालपरवापर्यंत ती मंगळवारच्या बायकांकडे होती. सून मंगळवारी न चुकता जाते. पंप सून शोधते. आणि सुनेवर ठपका ठेवायला सासूला एवढा पुरावा म्हणजे चंगळच झाली.

बाईंना राग आला, हे तर झालंच. पण रागाखाली दुसरं काहीतरी होतं आणि ते त्यांना बसू देईना. त्यांना भीती वाटत होती. नवरा जाऊन सात वर्षं झाली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या तीन खोल्यांत सकाळी दुसऱ्या कुणाच्या चपलांचा आवाज नसेल तर आपण उठायचं कशासाठी, हे त्यांना खरोखर माहीत नव्हतं. हे त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. कुणी विचारलंच नव्हतं, पिवळ्या पुस्तिकेखेरीज.

संध्याकाळी गटातल्या म्हाताऱ्यांना त्यांनी तिसरा धडा गाळून चौथा शिकवला. पुस्तिका परत कपाटात ठेवायची ती ठेवली नाही, गादीखाली सारली. पुस्तिका निवडायच्या बैठकीला दहा दिवस होते. पुस्तिका निवडली गेली तर हा प्रश्न वर्षभरात कधीतरी चारही गटांत मोठ्याने वाचला जाणार. सून तो मंगळवारी वाचणार, आणि या वेळी खोडणार नाही, सांगणार. त्यापेक्षा पिवळीच नको. एक नाही म्हटलं की काम झालं. न बोललेली गोष्ट जितके दिवस बोलली जात नाही तितके दिवस घर भरलेलं राहतं, एवढं बाईंनी गादीवर बसल्या बसल्या ठरवून टाकलं.

ठरवलं खरं, पण चैन पडेल तर शपथ. चादरींच्या घड्या त्यांनी एका आठवड्यात तीनदा मोडून पुन्हा घातल्या. घासलेली पातेली घासली. जिन्यात पाऊल वाजलं की दार उघडून बघायच्या, आणि कोणी नसलं की दारालाच रागवायच्या. रविवारी चहाच्या वेळी मंगळवारच्या बायकांपैकी जी जी हसून बोलली तिच्या हसण्यात त्यांना कीव दिसली. या सगळ्या भवान्यांना माहीत आहे, फक्त मला नाही, असं मनात म्हणत त्यांनी बिस्किट न खाताच बशी ठेवली.

आणि टोमणे. लेकी बोले सुने लागे म्हणतात, पण बाईंना लेक नव्हती, म्हणून त्या मुलाला बोलायच्या आणि नेम सुनेवर धरायच्या.

"हल्ली काही लोकांना तीन खोल्या पुरत नाहीत," एकदा जेवताना त्या मुलाला म्हणाल्या. "आम्ही एका खोलीत पाच जण राहिलो. पण तेव्हा माणसं साधी होती."

मुलाला ठसकाच लागला. सुनेने पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला आणि ताटाकडे बघत राहिली. बाईंना वाटलं, बिचारा, याला काहीच माहीत नसणार, बायको आतल्या आत काय शिजवतेय ते. गरीब गाय आहे माझा मुलगा.

दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "माणसाने तोंडावर बोलावं. पाठीमागे जागा बघत फिरू नये."

मुलगा म्हणाला, "आई, मला निघायला हवं, लिफ्ट अडकली आहे." फोन काही वाजला नव्हता.

बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी बाईंची छाती भरून आली. पंप नेहमीप्रमाणे गायब. सुनेने तो इस्त्रीच्या कपड्यांखालून काढून आणला आणि पुढे धरला.

"राहू दे तू," बाई श्वास ओढत म्हणाल्या. "मला आता सवय करायला हवी."

"कसली सवय, आई?"

"शोधायची."

सुनेचा हात तसाच पुढे राहिला. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, नवऱ्याच्या बंद दाराकडे एकदा बघितलं आणि पंप टेबलावर ठेवून कामाला गेली. बघितलंस, चोराच्या मनात चांदणं, असं बाई स्वतःशी म्हणाल्या. पण त्यातून मिळायला हवं होतं ते समाधान काही मिळालं नाही. दिवसभर त्यांना सुनेचा तो पुढे केलेला हात दिसत राहिला.

रविवारी उपासनेनंतर चर्चमागच्या छोट्या खोलीत बैठक भरली. पाळक वयाने बाईंच्या मुलाहून लहान. त्याने प्रार्थना केली, वही उघडली आणि मेट्रनबाईंकडे अशा नजरेने बघितलं, जणू आज जेवण किती वाजता मिळणार याचा अंदाज घेतोय. टेबलाभोवती बाकीचे तीन गटप्रमुख. तरुणांचा गट घेणारा शाळेच्या बसचा ड्रायव्हर, पुरुषांचा गट घेणारे कुलूपवाले काका, आणि बायकांचा गट घेणारी जुळ्यांची आई. तिला स्वतःचं नाव होतं, पण जुळी झाल्यापासून ते कुणी घेत नव्हतं.

बाईंनी घरूनच पाच हरकती लिहून आणल्या होत्या. पिवळी पुस्तिका पर्समधून काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून बसल्या.

"आमच्या पोरांना पिवळीच हवी," ड्रायव्हर म्हणाला. "निळीची उत्तरं त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत मागून पाहून सांगितली आणि मग मोबाइल काढले."

"मी काय सांगू," जुळ्यांची आई म्हणाली. "आम्हाला पिवळी मिळालीच नाही. त्या मंगळवारी कपाटात बघितलं तर फक्त निळी. मग निळीच केली. पुढच्या मंगळवारी पुन्हा बघितलं, तेव्हाही नव्हती. आत्ता पहिल्यांदाच बघतेय मी ती, बाईंच्या हाताखाली."

"ती चूक माझी," कुलूपवाले काका म्हणाले. "सोमवारी गट झाल्यावर मी ती दुकानात घेऊन गेलो आणि किल्ल्यांच्या डब्याखाली विसरलो. बुधवारी कपाटात आणून ठेवली. पुढचं मला माहीत नाही."

पुढचं मेट्रनबाईंना माहीत होतं. पुढे ती गादीखाली होती. पण आत्ता त्यांना गादी आठवत नव्हती. सोमवार, दुकान, बुधवार, कपाट, गुरुवार, मी. मंगळवार मध्ये कुठे आलाच नाही. सून या पुस्तिकेला शिवलीसुद्धा नाही.

सोमवारी मुलगा जातो.

खोली गरम झाल्यासारखी वाटली म्हणून त्यांनी खिडकीकडे बघितलं, ती उघडीच होती. गरीब गाय. ठसका लागला होता तो उगाच नाही. आणि दहा दिवस आपण त्या पोरीला, जिने एक अक्षर लिहिलं नाही तिला, जेवताना, चहाला, येता-जाता टोचत होतो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण रक्त मात्र तिसऱ्याचं काढलं. बाईंना लाज वाटली, आणि ती लाज मानेपर्यंत चढली.

"मी आधी निळीच म्हणणार होतो," कुलूपवाले काका पुढे बोलत होते. "आमचे पुरुष प्रश्न उरकतात आणि चहाची वाट बघतात. पण त्या सोमवारी एकाने पिवळीत काहीतरी लिहिलं आणि मोठ्याने वाचलं नाही. सगळे गेले तरी खोडत बसला होता. कागद फाटेल म्हणालो, तरी थांबेना. इतक्या वर्षांत आमच्या गटात कुणी काही खरं लिहिलेलं ते पहिलं असावं. म्हणून मी पिवळी म्हणतो."

"कोण बसला होता खोडत?" बाईंनी विचारलं.

काकांनी त्यांच्याकडे न बघता चष्मा पुसला. "ते विचारू नका, मेट्रनबाई. मी लोकांची घरं उघडून देणारा माणूस. आत काय दिसलं ते सांगत सुटलो तर धंदा बसेल माझा. खोडरबर तुमचा होता, एवढं सांगतो. अर्धा झिजवला त्याने."

जुळ्यांच्या आईनेही पिवळीला मान डोलावली. पाळकाने घसा साफ केला. "तिघांची पिवळीला पसंती दिसतेय. मेट्रनबाई, तुमचं काय?"

पाच हरकतींचा कागद बाईंच्या मांडीवर होता. एक नाही म्हटलं तर पुरे होतं. पिवळी बाद झाली असती, मुलाने तोंड उघडलं नसतं, अजून सहा महिने, कदाचित वर्षभर, घरात तीन जोड चपला वाजत राहिल्या असत्या. आणि तो वर्षभर खोडत बसला असता. त्यांच्याच खोडरबरने. आपल्या आईला एक वाक्य सांगायला घाबरणारा पस्तिशीचा पुरुष आपणच घडवला, हे त्यांना त्या टेबलापाशी कळलं आणि ते त्यांच्याने सोसवेना.

"पिवळी घ्या," त्या म्हणाल्या.

ड्रायव्हरने जुळ्यांच्या आईकडे बघितलं. पाळकाचं पेन वहीवर थांबलं. "म्हणजे एकमत? काही कारण, काही सूचना..."

"कारण विचारू नका, पाळकसाहेब. नाहीतर माझा विचार बदलेल. ही प्रत मी घरी नेतेय."

जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर त्या थांबल्या, श्वासासाठी आणि दुसऱ्याही एका कामासाठी. कठड्यावर पुस्तिका ठेवून तिसरा धडा काढला, पर्समधलं बॉलपेन काढलं आणि त्या रेघांवर, खोडलेल्या अक्षरांच्या वरूनच, स्वतःचं उत्तर लिहिलं. पेनने. आपल्याच चिठ्ठीकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही.

घरात दोघं टेबलाशी जेवायची थांबली होती. बाईंनी पुस्तिका उघडी करून मुलापुढे ठेवली. त्याने पान ओळखलं आणि त्याचे कान लाल झाले, शाळेत गणितात नापास झाला तेव्हा झाले होते तसे. मग त्याने आईचं अक्षर वाचलं.

"तुम्ही जाणार हे मला कळलंय. मला एकटं राहायची भीती वाटते. ती माझी मी बघेन. तुम्ही जा."

"आई, मी सांगणारच होतो," तो म्हणाला.

"सहा महिने?"

"रोज ठरवायचो. दारातून आत आलो की तू चादरीचे कोपरे तपासत असायचीस. मग वाटायचं, आज नको."

बाईंनी ते ऐकून घेतलं. तपासायला आता त्यांच्यापुढे फक्त टेबलक्लॉथ होता, त्यावरून त्यांनी हात काढून घेतला. मग त्या सुनेकडे वळल्या.

"मला वाटलं हे तू लिहिलंस. दहा दिवस मी तुला घालूनपाडून बोलले. चुकलं माझं."

सून लगेच नाही नाही म्हणाली नाही. "मलाही जायचंय, आई. खोटं कशाला बोलू. पण मी याला म्हटलं होतं, आई तुझी आहे, सांगायचं तू. मी तुझ्या वतीने वाईट होणार नाही."

हे उत्तर बाईंना लागलं, आणि आवडलंही. या घरात इतकं सरळ कुणी बऱ्याच दिवसांत बोललं नव्हतं. त्या काहीतरी म्हणणार होत्या, पण तीन मजल्यांचा जिना आणि दिवसभराचं सगळं एकदम छातीत आलं आणि घरघर सुरू झाली. त्यांनी पर्स चाचपली. पंप नव्हता.

सून खुर्चीतून अर्धी उठली. तिची नजर एका ठिकाणी गेली, म्हणजे तिला माहीत होता तो कुठे आहे.

"बस," बाई म्हणाल्या.

"आई, अहो..."

"बस म्हटलं ना. सांगूही नकोस."

सून बसली. नवऱ्याचा हात तिने टेबलाखाली धरला. मेट्रनबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि शोधायला लागल्या. उशीखाली बघितलं, पावाच्या डब्यामागे बघितलं, कुंडीच्या बशीत बोट फिरवलं. खुर्चीच्या पाठीला धरून थोडं थांबल्या, छातीतला आवाज सगळ्या खोलीला ऐकू येत होता. मुलगा दोनदा उठायला लागला आणि दोन्ही वेळा सुनेने त्याला धरून ठेवलं. तिचे डोळे भरले होते. बाई कपाटाशी गेल्या. चादरींच्या चळतीतून, जिच्या घड्या त्यांनी स्वतः आठवड्यात तीनदा मोडल्या होत्या, चौथ्या आणि पाचव्या चादरीच्या मधून, त्यांनी पंप बाहेर काढला.

दोन फवारे घेतले. श्वास रोखून दहा आकडे मोजले. मग पुन्हा घड्याळाकडे बघितलं.

"साडेचार मिनिटं लागली," त्या म्हणाल्या. "महिनाभरात दोनवर आणते. तेवढे दिवस थांबा, मग जा."